दुपारचे पावणेचार

वार्डोत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य बुडतो
तो थेट जानेवारीत उगवतो.
मधले दोन महिने मी
दुसऱ्यांच्या सावल्या मोजते.

बत्तीस वर्षं मासळीच्या काट्यावर बसले.
कॉड, हॅडॉक. बर्फ वजा, पाटी वजा,
उरेल तेवढंच वहीत.
खलाशी म्हणायचे, राग्नफ्रिड एक ग्रॅम सोडत नाही.
ती खोड आता इथं कामी येते.

एक्केचाळीस सेकंदांचा व्हिडिओ,
कुणीतरी गच्चीवरून, थरथरत्या हातानं काढलेला.
गावाचं नाव सांगणार नाही.
सांगायचं नसतं.
मातीच्या भिंती, एक निळं दार,
विजेचा खांब, तारा नसलेला.
खांबाखालून माणसं एका रांगेत चालत जातात
चौकटीबाहेर.
पुढं काय, ते चित्रात नाही.

नियम पहिला: आधी आवाज बंद करून बघा.
नियम दुसरा: रात्री बघू नका.
इथं तर सगळी रात्रच,
म्हणून मी जेवणाआधी बघते.

निळं दार उपग्रहाला दिसत नाही.
वरून नुसती छपरं,
वाळत टांगलेल्या कॉडसारखी, एकाला झाकावं
आणि दुसऱ्याला काढावं.
ओआहाकातल्या तेओफिलोनं नऊ दिवस छपरं चाळली.
दहाव्या दिवशी लिहिलं: टाकी बघा, पाण्याची, कलंडलेली.
मग कोपरा जुळला, मग गल्ली,
मग खांब.

खांब माझ्या वाट्याचा.
दार सव्वादोन मीटरचं धरलं तर खांब साडेसहाचा.
सावली भिंतीपाशी मोडून वर चढलेली,
तो तुकडा वेगळा धरायचा.
बर्फ वजा, पाटी वजा.
तीनदा मोजलं, तिन्हीदा तेच:
दुपारचे पावणेचार,
पाच-सात मिनिटं इकडं तिकडं.

गणवेशवाल्यांचं लेखी म्हणणं आहे की
त्या दिवशी ते सकाळीच गाव सोडून गेले.
खांबाला कुणी विचारलं नव्हतं.

अहवालात एक रकाना उरला: बोलली जाणारी भाषा.
म्हणून आवाज चालू केला.
वारा. कोंबडी. बुटांची खसखस.
आणि रांगेतली शेवटची बाई, मान मागं वळवून,
तेच तेच काहीतरी.
तो तुकडा इहसानला पाठवला, लीड्सला.
तिच्या आजोळची बोली.
दोन तास उत्तर नाही.
मग आलं:
ती म्हणतेय, चुलीवर दूध ठेवलंय.
आणि थोड्या वेळानं, वेगळ्या ओळीत:
कुणाला म्हणतेय ते कळत नाही.

रकान्यात बोलीचं नाव भरलं.
खात्री: बरी.
दुधासाठी रकाना नव्हता.
शेऱ्याच्या जागेत लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.
तपासताना तेओफिलोनं स्वल्पविराम दुरुस्त केले,
त्या ओळीला हात लावला नाही.

काल सूर्य आला.
किल्ल्यावरून तोफ उडाली, पोरांना शाळेतून सुट्टी.
शेजारचा अस्बियर्न गोड पाव घेऊन दारात:
चल बाहेर, तुझी सावली बघ.
आले, म्हटलं, शेगडी बघून येते.
शेगडी बंदच होती.

सावली खरंच पडली होती,
अंगणभर लांब, कुंपणापाशी मोडून
वर चढलेली.
अस्बियर्न तोंडात पाव धरून म्हणाला,
उभी काय राहिलीस? काय मोजतेस?
काही नाही, म्हटलं.

अकरा वाजून दहा.
पाच-सात मिनिटं इकडं तिकडं.